काटकसर शिकवावी कशी?

कोणतीहि वस्तु जपून वापरावी, हा उपदेश आपल्या समाजास नवा नाहीं. पाणी सांडूं नये, अन्न टाकूं नये, दिवा विनाकारण जळत ठेवूं नये, या गोष्टी घरांतील वडील माणसें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीं आहेत. तथापि ज्या घरांत त्या कटाक्षानें पाळल्या जातात, त्याच घरांतील मनुष्य कचेरींत गेला म्हणजे रिकाम्या खोलींतले पंखे फिरत राहतात, आणि दोन ओळींच्या टिपणासाठीं कोरा कागद खर्चीं पडतो. घरचें विजेचें बिल तो स्वतः भरतो व कचेरीचें दुसरा कोणी भरतो, एवढें कारण सांगून हा प्रश्न मिटत नाहीं. तो मनुष्य अप्रामाणिक नसतो. कचेरीचा पैसा खिशांत घालण्याचें त्याच्या स्वप्नींहि येत नाहीं. मग घरीं लागलेलें वळण कामाच्या जागीं कां टिकत नाहीं, आणि तें तेथें लावावयाचें तर कोणत्या उपायानें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

उपदेशाचे तीन प्रकार

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस उपदेशाचे तीन प्रकार परिचित आहेत. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'चें अध्ययन करतांना ते आरंभींच भेटतात. पहिला प्रभुसंमित, म्हणजे धन्यानें आज्ञा करावी तसा. वेदवचन हें त्याचें उदाहरण. दुसरा सुहृत्संमित, म्हणजे मित्रानें बऱ्यावाइटाची समजूत घालावी तसा. पुराणें व इतिहास हीं त्याचीं उदाहरणें. तिसरा कांतासंमित, म्हणजे प्रिय पत्नीनें मन आपलेंसें करून घेऊन सन्मार्गाकडे वळवावें तसा. आणि हें सामर्थ्य काव्याचें, असें शास्त्रकार म्हणतात.

हे तीन प्रकार आजच्या कचेरीसहि लागू पडतात. 'वापरांत नसतांना दिवे बंद करावेत' असें परिपत्रक निघतें, तो प्रभुसंमित उपदेश. व्याख्यान किंवा शिबिर भरवून वीज कां वांचवावी हें समजावून दिलें जातें, तो सुहृत्संमित. परंतु परिपत्रक फाइलींत जातें, आणि व्याख्यान चहाबरोबर संपतें. तिसऱ्या प्रकारची योजना मात्र आपल्याकडे फारशी कोणी करीत नाहीं. ती योजना म्हणजे शब्दांनीं न बोलतां कामाच्या जागेची मांडणीच अशी करणें, कीं योग्य तें करणें सोपें व्हावें आणि मन आपोआप तिकडे वळावें.

सरकारनेंहि अलीकडे हा विषय हातीं घेतला आहे. २०२१ सालीं ग्लासगो येथील हवामान परिषदेंत भारताच्या पंतप्रधानांनीं पर्यावरणास अनुकूल अशा राहणीचा विचार मांडला, व २० ऑक्टोबर २०२२ रोजीं गुजरातेंत केवडिया येथें 'मिशन लाइफ' या नांवानें त्याचा आरंभ झाला. सरकारी नोकरांच्या शिक्षणासाठीं २०२० सालीं 'मिशन कर्मयोगी' ही योजना मंजूर झाली. तिच्या 'आयगॉट' या संगणकावरील पाठशाळेंत 'मिशन लाइफ'ची ओळख करून देणारा पाठहि आहे. हे प्रयत्न स्तुत्यच आहेत. परंतु पाठ पाहून प्रमाणपत्र मिळविलेला मनुष्य खोलींतून बाहेर पडतांना बटण दाबीलच, असा नेम नाहीं. ज्ञान आणि आचरण यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें अधिक ज्ञानानें भरून निघत नाहीं, हा आम्हां शाळामास्तरांच्या धंद्यांतील जुनाच अनुभव आहे.

पाश्चात्त्यांचे प्रयोग

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे बी. जे. फॉग यांनीं मन वळविणाऱ्या यंत्ररचनेवर २००३ सालीं एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा कीं, कोणतीहि कृति घडण्यास तीन गोष्टी एकाच क्षणीं हजर असाव्या लागतात: इच्छा, ती कृति करण्याची सुलभता, आणि 'आतां कर' असें सुचविणारें निमित्त. व्याख्यानानें फार तर इच्छा उत्पन्न होते. बाकीच्या दोन गोष्टी जागेच्या मांडणीवर अवलंबून असतात. रिचर्ड थेलर व कॅस सनस्टाइन यांनीं २००८ सालीं याच जातीचा विचार अर्थशास्त्राच्या अंगानें मांडला, व थेलर यांस २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

याचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे. खोली थंड करणारें यंत्र चालूं केलें कीं तें किती अंशांवर चालावें, हें पूर्वीं ज्याच्या त्याच्या लहरीवर असे. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांचें चिन्ह लावलेलें असें प्रत्येक यंत्र आरंभीं २४ अंशांवरच चालूं झालें पाहिजे, असा नियम झाला. ज्यास अधिक थंडावा हवा, त्यास बटण दाबून तो घेतां येतो. कोणावर बंदी नाहीं. परंतु बहुतेक माणसें जें आयतें समोर येतें तेंच चालूं देतात, आणि एक अंश वर ठेवल्यानें सुमारें शेंकडा सहा वीज वांचते असा ऊर्जाबचतीच्या सरकारी कचेरीचा हिशेब आहे. येथें कोणीहि कोणास उपदेश केलेला नाहीं.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील उपाहारगृहांच्या खोल्यांचें. पाहुण्यांनीं अंगपुसणीं रोज धुवावयास टाकूं नयेत म्हणून 'पृथ्वीचें रक्षण करा' अशी पाटी लावली, तेव्हां शेंकडा ३५ जणांनीं ती मानली. त्याऐवजीं 'येथें उतरणारे बहुसंख्य पाहुणे अंगपुसणें पुन्हा वापरतात' अशी पाटी लावतांच तें प्रमाण ४४ वर गेलें. हा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. मनुष्य पृथ्वीसाठीं जें करीत नाहीं, तें शेजाऱ्याच्या बरोबरीनें राहण्यासाठीं करतो.

परंतु या औषधासहि पथ्य आहे. कॅलिफोर्नियांतील सॅन मार्कोस गांवीं सुमारें २९० घरांस त्यांचा विजेचा खर्च शेजाऱ्यांच्या सरासरीशीं ताडून कळविण्यांत आला. जास्त खर्चणाऱ्यांनीं तो कमी केला. पण जे मुळांतच काटकसरी होते त्यांनीं, 'आपण उगीच हात आंखडतों' असें समजून, तो वाढविला! काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर हंसऱ्या चेहऱ्याचें लहानसें चित्र काढलें, तेव्हां ही उलट गति थांबली. केवळ आंकडा दाखविणें पुरेसें नाहीं. चांगलें करणाऱ्यास शाबासकीहि हवी, हें वर्गांत शिकविलेल्या कोणासहि पटेल.

मोसमच्या कांठची जुनी पाठशाळा

हें शास्त्र नवें असलें तरी ही कला नवी नाहीं, आणि ती पाहण्यास आम्हां नामपूरकरांस परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आमचें गांव बागलाणांत मोसम नदीच्या कांठीं आहे. मोसम, आरम व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे नाशिक व धुळें जिल्ह्यांत, पाणी वांटण्याची जी 'फड' पद्धति तीनचारशें वर्षें चालत आली, ती म्हणजे काम करतां करतां काटकसर शिकविणारी एक पाठशाळाच होती, असें आम्ही म्हणतों.

तिची रचना अशी. नदींत आडवा बंधारा घालून पाणी वळवावयाचें, तें पाटानें शिवारांत आणावयाचें, पाटांतून चाऱ्यांत व चाऱ्यांतून शेतांत सोडावयाचें, आणि जास्तीचें पाणी पुन्हा नदीस मिळूं द्यावयाचें. भिजणाऱ्या सर्व जमिनीचे मोठे मोठे भाग पाडलेले असत. त्यांतील प्रत्येकास फड म्हणत. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक. एखाद्या फडांत ऊंस असेल, तर दुसऱ्यांत हंगामी पिकें. आणि कोणत्या फडास पाणी द्यावयाचें व कोणता पडीक ठेवावयाचा, हें दरवर्षीं गांवानें बसून ठरवावयाचें. पाणी सोडण्याचें काम शेतकऱ्यानें स्वतः करावयाचें नाहीं; त्यासाठीं पाटकरी नेमलेला असे. राखणीस जागल्या असे, आणि त्यांचें वेतन बहुधा धान्याच्या रूपानें लाभधारकांकडूनच मिळे.

आतां या साध्या नियमांत मन वळविण्याची युक्ति किती खोल आहे तें पाहावें. सर्व फडांत पीक एकच, म्हणून सर्वांस पाण्याची गरज एकाच वेळीं व सारखीच. एकाच्या शेतांत पाणी तुंबलें तर तें शेजाऱ्याच्या त्याच पिकाशेजारीं उघड दिसे. त्यास पंचनामा करावा लागत नसे. पाण्याची दांडी शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, म्हणून 'आणखी थोडें घेऊं' हा मोह होण्याचा क्षणच येत नसे. पाटकऱ्यास वेतन सर्वांकडून मिळे, म्हणून एकाची मर्जी राखण्यांत त्याचा फायदा नव्हता. पुष्कळांच्या जमिनी एकाहून अधिक फडांत असल्यामुळें एक फड पडीक राहिला तरी तोटा एकट्याच्या माथीं येत नसे. आणि मुख्य गोष्ट ही कीं, नियम बाहेरून लादलेला नव्हता. जे त्याखालीं वागत, त्यांनींच तो बसून केलेला असे.

हें शिक्षण कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नव्हतें. नवा पाटकरी जुन्याच्या मागें हिंडून तयार होई, आणि शेतकऱ्याचा मुलगा पाळीची वाट पाहतां पाहतां पाणी किती पुरतें हें शिके. कामाची जागा हीच शाळा, आणि कामाची रीत हाच गुरु.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत प्रवेश केला, तेव्हां त्यांच्या नोकरीचीं पहिलीं वर्षें याच नाशिक-खानदेश भागांत गेलीं. पुढें नीरा कालव्यावर त्यांनीं जी 'ब्लॉक' पद्धति आणली, तींत जमिनीचे ठराविक गट पाडून व पिकांची पाळी बांधून पाणी अधिक गांवांस पुरविण्याची योजना आहे. फडाशीं तिचें साम्य जाणत्यांच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं.

उलट शिकविणारी रचना

मग ही पाठशाळा विस्कळित कां झाली? शेतकरी अडाणी झाला किंवा लोभी झाला म्हणून नव्हे. विहीर ज्याची त्याची, पंप ज्याचा त्याचा, आणि पीक ज्याच्या त्याच्या मनाचें, अशी नवी रचना आली. तिनें वेगळा धडा शिकविला. शेजाऱ्याच्या शेतांतील पाणी डोळ्यांस दिसे, तें जमिनीखालचें झालें. कोणी किती उपसलें हें कोणासहि कळेना. मग विहिरी खोल गेल्या, त्यांत आडवे-उभे बोअर गेले, आणि डाळिंबाच्या बागेस टँकरनें पाणी घालण्याचा प्रसंग कांहीं उन्हाळ्यांत बागलाणानें पाहिला.

या नव्या रचनेंतील एका लहान वस्तूकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. ती म्हणजे पंपाच्या पेटींतील 'ऑटो स्विच'. वीज ठराविक तासच येते, व जेथें पाळी रात्रीची असते तेथें ती येतांच पंप चालूं करण्यासाठीं अंधारांत, सापाच्या व बिबट्याच्या भीतींत, शेतावर जावें लागतें. म्हणून वीज येतांच आपोआप चालूं होणारें हें बटण शेतकरी बसवितो. त्यांत त्याचा दोष कोणता? परंतु परिणाम असा होतो कीं, पाण्याची गरज असो वा नसो, वीज आली कीं पंप चालूं. एका रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू होऊन तें जळतें, तें निराळेंच. २४ अंशांचें यंत्र आणि हें बटण यांचें तत्त्व एकच: मनुष्यानें कांहीं केलें नाहीं तर काय घडावें, हें आधींच ठरवून ठेवणें. एका ठिकाणीं तें वीज वांचवितें, दुसऱ्या ठिकाणीं वीज व पाणी दोन्ही वाहवितें.

त्यांत २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज देण्याची योजना पांच वर्षांसाठीं सुरू केली. गांजलेल्या शेतकऱ्यास आधार मिळाला, हें खरें व योग्यहि आहे. परंतु पंप बंद करण्याचें जें शेवटचें निमित्त होतें, तेंहि त्याबरोबर गेलें. मन वळविणारी रचना कोठें तरी नव्यानें करावयाची आहे असें नाहीं. ती सर्वत्र आधींच आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं ती उधळपट्टीच शिकवीत आहे. म्हणून ती कोणत्या दिशेनें वळविते, एवढाच प्रश्न उरतो.

ती पुन्हा वळवितां येते, हें अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें दाखवून दिलें आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें तेथें दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधीं माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी वेगळें काढून उरलेल्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवितात. शेतीसाठीं बोअर खणण्यास गांवानेंच मनाई केली आहे. जमिनीखालचें न दिसणारें पाणी फळ्यावरच्या आंकड्यांत दिसूं लागलें. फडाचें तत्त्वच तें, फक्त नव्या साधनांनीं.

एस. टी.च्या आगारांतील धडा

शेतीबाहेरच्या नोकरींतहि असा अनुभव आहे. महाराष्ट्राची एस. टी. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर मार्गावर प्रथम धांवली. तेथें दहा लिटर डिझेलवर गाडी किती किलोमीटर जाते, हा आंकडा आगारांत नेहमींच्या बोलण्यांतला आहे. गचके न देतां गति वाढविणें, थांबा दूर असतांनाच वेग उतरविणें, गाडी उभी असतां इंजिन बंद करणें, अशा संवयी चालकांस शिकविण्याचें काम १९७८ सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थाहि देशभर करीत आली आहे.

हा आंकडा वरवर क्षुल्लक दिसतो. समजा, एक गाडी दिवसास ३०० किलोमीटर धांवते. दहा लिटरांस ४५ ऐवजीं ४७ किलोमीटर पडले, तर रोजचें डिझेल सुमारें ६७ लिटरांवरून ६४ वर येतें. दिवसाचे तीन लिटर, म्हणजे वर्षास एका गाडीमागें हजार लिटर! चालकास हें गणित समजलें, आणि आपला कालचा आंकडा आज त्याच्या दृष्टीस पडला, तर स्टिअरिंगवरचा हात व पायाखालची कळ आपोआप जपून चालते.

परंतु येथेंच न्यायाचा प्रश्न येतो. कसारा घाट चढणाऱ्या चालकाचा आंकडा मालेगांव-धुळ्याच्या सपाट रस्त्यावरील चालकाच्या आंकड्याशीं ताडून फळ्यावर लिहिला, तर पहिल्याचें मन वळण्याऐवजीं विटेल. जुन्या गाडीचा दोष माणसाच्या नांवावर पडला तर तेंच होईल. तुलना करावयाची ती त्याच मार्गावर, त्याच गाडीशीं, आणि शक्य तर त्याची त्याच्याशींच. मुलाला दुसऱ्या मुलाच्या गुणांनीं हिणविण्यापेक्षां त्याच्याच मागच्या वहींतील अक्षर त्यास दाखविणें, हें शिक्षकास अधिक उपयोगीं पडतें.

मर्यादा

मन वळविणें आणि फसविणें यांत अंतर थोडें आहे, म्हणून शेवटीं एक इशारा दिला पाहिजे. कामगारांवर चोरून नजर ठेवून त्यांच्या चुका मोजणें, किंवा वांचलेल्या पैशाचा सर्व लाभ मालकानें घेऊन श्रम मात्र नोकरांवर टाकणें, याला कांतासंमित उपदेश म्हणतां येणार नाहीं. आमच्या मतें कोणतीहि रचना करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत. ती कां केली हें ज्यांच्यासाठीं केली त्यांस उघड सांगतां येईल काय? तिचा लाभ त्यांसहि मिळतो काय? आणि खरी अडचण असेल तेव्हां त्यांस नाहीं म्हणतां येतें काय? फडांत तिन्हींचें उत्तर होकारार्थी होतें, म्हणून तो शतकानुशतकें टिकला. केवळ बक्षिसावर उभारलेली स्पर्धा बक्षीस संपतांच ओसरते.

आमच्या वाचकांपैकीं कोणी कचेरींत वरिष्ठ असतील, कोणी शाळेंत, बँकेंत, बाजार समितींत असतील. त्यांस कांहीं सहज करतां येण्याजोग्या सूचना कराव्याशा वाटतात. पंख्या-दिव्यांचीं बटणें दाराशीं एका ओळींत असावींत, व शेवटीं बाहेर पडणारास तीं दिसावींत. छपाईचें यंत्र मुळांतच कागदाच्या दोन्ही बाजूंस छापील असें लावून ठेवावें. एका बाजूस हवें त्यानें तसें मागावें. महिन्याचें विजेचें बिल हिशेबनिसाच्या कपाटांत न ठेवतां जेथें मंडळी चहा घेतात तेथें, गेल्या वर्षींच्या त्याच महिन्याच्या बिलाशेजारीं, लावावें. कांद्याच्या लिलावास येणाऱ्या ट्रॅक्टरांस क्रमांकाची चिठ्ठी दिली, तर इंजिन चालूं ठेवून हात-हात पुढें सरकण्याचें कारण उरणार नाहीं. आणि वांचलेल्या पैशांतला कांहीं भाग काय करावयाचा, हें तेथील शिपायासह सर्वांनीं बसून ठरवावें.

एकत्र कुटुंबांतहि हेंच लागू आहे. गच्चीवरची टाकी भरून वाहते, कारण मोटार बंद करण्याचें काम सर्वांचें असतें, म्हणजे कोणाचेंच नसतें. टाकींत तरंगणारी तोटी बसवावी, किंवा घरांत एक पाटकरी नेमावा. तो दहा वर्षांचा नातू असला तरी चालेल. दर रविवारीं त्याच्याकडून मीटरचे आंकडे वहींत लिहवून घ्यावेत व ते सर्वांनीं पाहावेत. असा मुलगा पुढें कचेरींत गेला म्हणजे त्यास परिपत्रकाची गरज पडणार नाहीं.

मोसमचें पाणी सर्वांचें आहे, आणि तें पुरविण्याची रीत आपल्या वाडवडिलांनीं रोजच्या कामांत गुंफून ठेवली होती. ती जशीच्या तशी परत आणणें आतां शक्य नसेल. परंतु तिचें मर्म, म्हणजे नियम सर्वांनीं मिळून करणें, तो सर्वांस दिसेल असा ठेवणें, व पाळणाऱ्यास पाळणें सोपें करणें, हें आजच्या कचेरींत, आगारांत व शेतांत उतरवितां येण्यासारखें आहे. सुज्ञ वाचक आपापल्या कामाच्या जागीं याचा प्रयोग करून पाहतील, अशी आम्हांस आशा आहे.